घरच्या मेंढ्यांची लोकर : तिचे रंगकाम व मिश्रण

माण, आटपाडी, सांगोला, जत या कमी पावसाच्या तालुक्यांत अनेक खातेदारांच्या वाड्यात वीसपासून चाळीसपर्यंत मेंढ्या असतात. मेंढीचे मांस कोणत्या बाजारी न्यावे हे त्यांस ठाऊक असते, आणि रानात मेंढ्या बसविल्याने जमिनीस किती कस येतो हेही सांगावे लागत नाही. लोकरीचे मात्र काय करावे, हा प्रश्न हल्ली बहुतेकांनी सोडून दिलेला आहे. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून अधिक होते, घोंगडी विणणारे सनगर गावोगाव कमी झाले, आणि पानिपतास जुन्या चिंध्यांपासून बनणारी स्वस्त ब्लँकेटे प्रत्येक आठवडे बाजारात मिळू लागली. परिणामी कातरलेली लोकर बांधावर पडते किंवा ओढ्यात जाते. ज्यांस लोकरीचा हा त्रासही नको असतो, ते दख्खनी मेंढी काढून अंगावर लोकर फारशी नसलेली माडग्याळ मेंढी बाळगू लागले आहेत.

मांसासाठी माडग्याळ मेंढी चांगली, यात वाद नाही. परंतु ज्यांच्याकडे आजही दख्खनी कळप आहे, त्यांनी तो मोडण्यापूर्वी एक हिशेब पाहावा. कातरणीचा खर्च लोकरीच्या खाती टाकण्याची जी रीत पडली आहे ती आमच्या मते चुकीची आहे. मेंढी कातरली नाही तर उन्हाळ्यात ती धापा टाकते, अंगात गोचीड माजते व पावसात लोकर भिजून जनावर गारठते. म्हणजे लोकर विका अथवा न विका, कातरणी चुकत नाही. तो खर्च जनावराच्या जोपासनेचा आहे. तो तिकडे लिहिला म्हणजे लोकर ही फुकट पदरात पडलेली वस्तू ठरते, आणि तिच्यावर पुढे केलेल्या मेहनतीचे काय मिळते एवढाच प्रश्न उरतो. आमची नोकरी खातेवह्या लिहिण्यात गेली असल्यामुळे रक्कम कोणत्या सदराखाली पडते यावर आमचा थोडा अधिक भर असेल, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

दख्खनी लोकर जाडीभरडी, आखूड व बहुतांशी काळी असते. वर्षातून दोनदा कातरल्याने धागा आणखी आखूड राहतो. एका मेंढीची वर्षाची लोकर अर्धा किलोच्या आसपास धरून चालावे. तिच्यात खऱ्या लोकरीबरोबर केस असतात, आणि काही खडूसारखे पांढरे, ठिसूळ तंतू असतात. त्यांस आपण मृत केस म्हणू. मृत केसांस रंग धरत नाही. तांबड्या सुतात ते पांढरे कुसळासारखे उठून दिसतात, व विणलेल्या कापडातून गळत राहतात. ही लोकर अंगालगत घालावयाच्या कपड्यास निरुपयोगी आहे. घोंगडी, सतरंजी, बैठकीचे आसन, खोगिराखालचा नमदा, भिंतीवर लावावयाचे जाड विणकाम यांसाठी मात्र तिच्यासारखी टिकाऊ लोकर नाही. कोकराची पहिली कातरणी, जिला जावळ म्हणतात, तेवढी मऊ असते; ती कधीही इतर लोकरीत मिसळू नये. जावळाची घोंगडी मागणारे गिऱ्हाईक वेगळे असते व ते वेगळा भाव देते.

पानिपतच्या ब्लँकेटाशी भावात टक्कर देण्याचा विचार करू नये. आपला माल घेणारा मनुष्य शहरातला आहे. त्यास खरी लोकर हवी असते, ठराविक रंग हवा असतो, व पहिला नग आवडला तर तशाच रंगाचे आणखी दोन हवे असतात. यांतील तिसरी अट लहान कळपवाल्यास जड जाते. एका भांड्यात मावते ती लोकर दोन-तीन किलो. आज रंगवलेली व चार दिवसांनी रंगवलेली एकसारखी उतरत नाही. आमच्या माहितीतील एका शेतकऱ्याने मोठ्या हौसेने सूत कातविले, त्याच्या लडी मंजिष्ठेच्या रंगात तीन वेळा मिळून अकरा किलो रंगविल्या व पुण्यातील एका दुकानदाराकडे पाठविल्या. तीनही खेपांचा तांबडा वेगळा निघाला. दुकानदाराने सूत परत केले. रंगात खोट नव्हती. सूत होऊन बसले होते म्हणून इलाज उरला नव्हता. हीच लोकर कातण्यापूर्वी रंगविली असती तर तिन्ही खेपा एकत्र पिंजून अकरा किलो एकाच रंगाची करता आली असती.

लोकर सुतात न रंगविता मोकळी असतानाच रंगवावी, आणि सर्व खेपा पिंजताना मिसळाव्यात, हे या लेखातील मुख्य सांगणे. भांड्यात रंग थोडा कमी-जास्त बसला, एका बाजूस गडद व एका बाजूस फिका राहिला, तरी बिघडत नाही. पिंजणीत तो फरक जिरतो. मोठ्या गिरणीजवळ उष्णता मोजणारी यंत्रे असतात. आपल्याजवळ पिंजणी आहे.

रंगापूर्वीची दोन कामे थोडक्यात सांगतो. पहिले निवड. कातरणीच्या दिवशीच गोणपाटावर लोकर पसरून खांदा, मान व पाठीची लोकर एकीकडे ठेवावी. मांड्यांची भरड, पोटाची आखूड व लेंड्यांनी माखलेली दुसरीकडे. ही दुसरी रास नमद्यास किंवा झाडांच्या बुंध्याशी आच्छादनास वापरावी. विकावयाच्या सुतात तिचा एक झुपकाही जाऊ देऊ नये. गोखरू व कुसळे हाताने वेचावीत. ओळखीसाठी मेंढ्यांच्या पाठीवर तैलरंगाचे पट्टे मारण्याची चाल आहे, ती बंद करावी. तो रंग धुतल्याने जात नाही. काळी, करडी व पांढरी लोकर तीन पोत्यांत भरावी. काळ्या लोकरीची टोके उन्हाने तांबूस झालेली असतात. त्याची चिंता नको, तीही पिंजताना एकजीव होतात.

दुसरे धुणे. लोकरीत मेंढीच्या अंगचे तेल, घाम व माती असते. तेल राहिले तर रंग डागाडागाने बसतो. प्रथम साध्या पाण्यात रात्रभर भिजवावी, म्हणजे माती व घाम सुटतो. नंतर हाताला चांगले गरम लागेल पण सोसवेल अशा, म्हणजे ४५ ते ५० अंश पाण्यात साबण व थोडा धुण्याचा सोडा घालून (दहा लिटरास सोडा वीस-तीस ग्रॅमपेक्षा अधिक नको) लोकर बुडवून ठेवावी. रिठ्याच्या पाण्यानेही काम होते, मात्र वेळ अधिक लागतो. चोळू नये, पिळू नये, बडवू नये. गरम पाण्यातून काढून एकदम थंड पाण्यात टाकू नये. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. हालवाहालव व उष्णतेचा अकस्मात फरक झाला की ते एकमेकांत अडकतात व लोकरीचा नमदा होतो. कॉस्टिक सोडा तर घरातही ठेवू नये, त्यात लोकर विरघळून जाते. सावलीत वाळविल्यावर वजन करावे. माती-तेलापायी चौथा हिस्सा घटला असे धरून हिशेब करावा. वाळूत बसणाऱ्या कळपाची घट याहून अधिक येईल.

आता रंग. काळी लोकर रंगवू नये. तिच्यावर रंग दिसत नाही, आणि तिचा अंगचा काळा रंग कोणत्याही रंगाऱ्याच्या काळ्याहून पक्का असतो. रंग द्यावयाचा तो पांढऱ्या व फिक्या करड्या लोकरीस. कळपात पांढरी लोकर थोडी असते म्हणून कोणी कष्टी होऊ नये. मिश्रणात थोडा रंग पुष्कळ काळ्यास पुरतो, हे पुढे दिसेल.

पूर्वी आपल्याकडे मंजिष्ठ, आल, लाख, नीळ, हिरडा यांनी रंगकाम होत असे. १८५६ साली पर्किन याने पहिला कृत्रिम रंग काढला. १८६८ साली ग्रेबे व लीबरमान यांनी युरोपातील मंजिष्ठेच्या मुळातील रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले, आणि १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. त्यानंतर मुळे-साली उकळण्याचा धंदा बसला. हल्ली वनस्पतींच्या रंगास पुन्हा मागणी आहे, परंतु तिच्या आहारी जाऊन हळदीने लोकर रंगविणारे पाहिले म्हणजे खेद होतो. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी डोळे दिपवितो, साबण लागताच तांबडा पडतो व उन्हात महिनाभरात उडतो. पळसाच्या फुलांचा रंगही विक्रीच्या मालास भरवशाचा नाही. कांद्याच्या टरफलांचा नारिंगी-पिवळा त्याहून बरा, पण उन्हात तोही फिका होतो.

आमच्या भागास सर्वांत सोयीची वस्तू डाळिंबाची साल होय. सांगोला-आटपाडीकडे ज्या शिवारात मेंढ्या आहेत त्याच शिवारात डाळिंबाच्या बागा आहेत. तडकलेल्या फळांच्या साली सावलीत वाळवून पोत्यात भरून ठेवाव्यात. तेल्या रोगाची फळे मात्र घरी आणू नयेत. ती बागेबाहेर नेऊन नष्ट करणेच योग्य. सालीत टॅनिन भरपूर असल्याने रंग घट्ट बसतो. तुरटी दिलेल्या लोकरीवर तिचा पिवळा येतो, हिराकस दिल्यास राखी-शेवाळी. बाभळीच्या सालीचा तपकिरी असाच भरवशाचा आहे. तांबड्यासाठी मंजिष्ठेची मुळे विकत घ्यावी लागतात. ती महाग पडतात, परंतु पक्क्या तांबड्यास तिच्यासारखे दुसरे सोपे साधन नाही.

एक किलो कोरड्या धुतलेल्या लोकरीचे प्रमाण असे. तुरटी सव्वाशे ग्रॅम, पाणी तीस-चाळीस लिटर. तुरटी गरम पाण्यात विरघळवून पातेल्यात घालावी, ओली लोकर जाळीच्या सैल पिशवीत घालून आत सोडावी, तासाभरात हळूहळू आंच वाढवून पाणी उकळीच्या अलीकडे आणावे, आणखी तासभर तसेच ठेवून त्याच पाण्यात निवू द्यावे. डाळिंबाची वाळली साल चारशे ते पाचशे ग्रॅम वेगळी उकळून गाळून घ्यावी. गाळणे टाळू नये. सालीचा चुरा लोकरीत अडकला की पिंजताना हाल होतात. या पाण्यात तुरटी दिलेली लोकर पुन्हा त्याच रीतीने तासभर तापवावी. मंजिष्ठेची पूड लोकरीच्या वजनाच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत लागते. ती रात्री भिजवावी व रंगविताना पाणी उकळू देऊ नये, नाहीतर तांबड्याचा विटकरी होतो. हिराकस किलोस वीस-तीस ग्रॅमपेक्षा अधिक घालू नये. जास्त झाली की लोकर कडक व ठिसूळ होते. भांडे स्टीलचे असावे. लोखंडी कढईत प्रत्येक रंग काळवंडतो.

कृत्रिम आम्लरंगांविषयी आमचा पूर्वग्रह नाही. किलोस दहा ते वीस ग्रॅम रंग व थोडे व्हिनेगर एवढ्यात लोकर उत्तम रंगते, आणि चांगल्या कंपनीचा रंग वनस्पतीरंगाहून पक्का असतो. बाजारात सुटे, बिननावाचे पुडके मिळते ते घेऊ नये. कर्करोगास कारण होणाऱ्या कित्येक अझो रंगांवर भारत सरकारने १९९० नंतरच्या दशकात बंदी घातली, ती पुडी बांधणारा वाचत नाही. काहीही वापरा, परंतु आम्लरंग वापरून माल 'वनस्पतीरंगाचा' म्हणून विकू नका. घेणाऱ्यास आज ना उद्या ते कळते व मग सगळ्या तालुक्याच्या लोकरीवर विश्वास राहत नाही.

यानंतर खरे काम मिश्रणाचे. आधी दहा-दहा ग्रॅमचे नमुने करावेत. सोनाराकडे असतो तसा लहान काटा आता स्वस्त मिळतो. काळी सहा व तांबडी दोन, काळी चार व पिवळी तीन, असे तोलून हाताने पिंजून, थोडे कातून, नमुना वहीत चिकटवावा व शेजारी वजने, रंगाची खेप व तारीख लिहावी. निवड उजेडात व कोरड्या सुतावरच करावी. ओले सूत गडद दिसते, व पिंजलेल्या लोकरीपेक्षा पीळ दिलेले सूतही थोडे गडद दिसते. काळ्यात तांबडी मिसळली की जांभळाच्या पिकल्या सालीसारखी झाक येते. काळ्यात पिवळी मिसळली की शेवाळी येते, हे पाहून पुष्कळांस नवल वाटते. रंगवून मिळणाऱ्या हिरव्यापेक्षा हा शेवाळी अधिक शांत दिसतो, व त्यासाठी निळीची खटपट करावी लागत नाही.

प्रमाण ठरले की सर्व लोकर तोलावी. स्वच्छ चटईवर काळीचा बोटभर जाड थर, त्यावर रंगीतचा त्याच मानाने पातळ थर, पुन्हा काळीचा, असे करीत ढीग रचावा. एकाच रंगाच्या तीन खेपा असतील तर प्रत्येक खेप प्रत्येक थरात थोडी थोडी गेली पाहिजे. पिंजण्यास घेताना वरून न उचलता ढिगाच्या बाजूने उभा काप घ्यावा, म्हणजे प्रत्येक घासात सर्व थर येतात. एकदा पिंजून झालेली लोकर पुन्हा थराथराने रचून दुसऱ्यांदा पिंजावी. एकदाच पिंजले तर सुतात पट्टे दिसतात. तसे पट्टे मुद्दाम हवे असतील तर गोष्ट वेगळी, पण मग ते दर नगात तसेच आले पाहिजेत! धुतलेली लोकर कोरडी होऊन पिंजताना तुटते, म्हणून वजनाच्या शेकडा दोन-तीन इतके गोडेतेल पाण्यात घोटून आदल्या रात्री शिंपडावे; विणून झाल्यावर धुताना ते निघून जाते. मऊपणासाठी बिकानेरकडील बारीक लोकर मिसळण्याची सूचना कोणी करतात. तिची लांबी आपल्या लोकरीहून फार वेगळी असेल तर आखूड तंतू सुताबाहेर येऊन गळतात. थोडी आणून नमुना करूनच ठरवावे. ॲक्रिलिक मिसळणे ही मात्र शुद्ध फसवणूक होय. जाळून पाहिले की खरी लोकर केस जळाल्याचा वास देते व राख चुरडते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कठीण मणी होतो. घेणारेही ही परीक्षा करतात.

आता हिशेब. एका घरी चाळीस मेंढ्या, एका कातरणीस मेंढीमागे पाव किलो, म्हणजे दहा किलो. त्यातून पोट-मांड्यांची दोन किलो निराळी काढली, राहिली आठ. धुऊन सहा. अशी चार घरे एकत्र आली तर चोवीस किलो होते. त्यात पंधरा काळी व नऊ पांढरी धरू. नवांपैकी तीन मंजिष्ठेत, तीन डाळिंबात रंगविली, तीन तशीच ठेवली. मग सहा किलो काळीत दोन तांबडी मिळून आठ किलो जांभळट. चार काळीत तीन पिवळी मिळून सात किलो शेवाळी. तीन काळीत तीन पांढरी मिळून सहा किलो करडे. दोन किलो निव्वळ काळे व एक किलो निव्वळ तांबडे काठांसाठी. रंगविली फक्त सहा किलो, पण रंगाचा माल सोळा किलो झाला, व घोंगडीस अडीच किलो सूत धरले तर जांभळट रंगाचे तीन नग अगदी एकासारखे एक निघतात. पिंजणीतील घट यातून वजा करावी. एकट्या घरी हेच करू गेल्यास एका रंगाचा एक नगही धड होत नाही. रुपयांचे आकडे आम्ही मुद्दाम देत नाही. सूतकताईची व सनगराच्या विणाईची मजुरी गावागणिक निराळी आहे. चारही घरांनी ती आधी लिहून घ्यावी, व वाटणी धुतलेल्या लोकरीच्या वजनावर करावी. कच्च्या वजनावर केली तर ज्याच्या लोकरीत माती अधिक त्याचा फायदा होतो आणि पुढल्या कातरणीस मंडळी एकत्र येत नाहीत.

माल पाठविण्यापूर्वी रंगाची परीक्षा घ्यावी. सुताचा तुकडा पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा. कापडावर डाग उतरता कामा नये. दुसरा तुकडा पुठ्ठ्यावर गुंडाळून अर्धा झाकून पंधरा दिवस उन्हात ठेवावा व दोन्ही भाग ताडून पाहावेत. जो फिका झाला तो विकू नये. विकावयाचे सूत पूर्ण कोरडे करून ठेवावे. ओलसर व तेलकट लोकरीस कसर लवकर लागते. कडुनिंबाचा पाला घालतात तो घालावा, पण दर महिन्यास ऊन दाखविल्यावाचून केवळ पाल्यावर विसंबू नये.

राहता राहिले रंगाचे उरलेले पाणी. तुरटीचे व सालींचे पाणी पडीक जागी, विहिरीपासून दूर, खड्ड्यात जिरवावे. हिरवट छटेसाठी मोरचूद घालण्याची जुनी कृती काही पुस्तकांत आढळते. मेंढीपालकाने ती करू नये. तांबे पचविण्याची शक्ती मेंढीस इतर जनावरांपेक्षा फार कमी असते. थोडे थोडे पोटात जाऊन यकृतात साठते आणि एके दिवशी धडधाकट दिसणारी मेंढी पिवळी पडून मरते. द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीसाठी मोरचूद घरात असतेच. तिचे डबे, व रंगकामाची पातेली, मेंढ्यांच्या पाणवठ्यापासून व चाऱ्याच्या जागेपासून वेगळ्या खोलीत कुलपात ठेवावीत.